पराभूतांच्या तोफा आणि जेत्यांची पदके

युद्ध संपते, सैन्ये पांगतात, तहनाम्यावरील शाई वाळते, आणि मागे ज्या वस्तू उरतात त्यांत सर्वांत लहान वस्तू म्हणजे सैनिकाच्या छातीवरील पदक. तलवार गंजते, गणवेशाला कसर लागते, तोफ जेता ओढून नेतो. परंतु तळहातावर मावणारी ही धातूची चकती घरातील पेटीत दोन-तीन पिढ्या सहज टिकून राहते. जुनी पदके, त्यांच्या फिती, पलटणींचे बिल्ले, रणभूमीवरून आलेली पत्रे आणि बोथट झालेल्या संगिनी गोळा करण्याचा छंद म्हणूनच युरोपात वाढला आणि आपल्याकडेही रुजला. ह्या छंदास हलके लेखण्याचे कारण नाही. नाणेसंग्राहकांनी राजवंशांच्या कालगणनेस जे साहाय्य केले, तसेच साहाय्य पदकसंग्राहक सैन्यांच्या इतिहासास करू शकतात.

तथापि नाणे आणि पदक यांत एक मोठा भेद आहे. नाणे बाजारात फिरते. ते जेत्याच्या हाती पडते तसे पराजिताच्याही हाती पडते. पदक एकाच पक्षाच्या छातीवर लागते. त्यावर लढाईचे नाव असते, परंतु ती कोणाशी झाली, कशासाठी झाली, समोरची माणसे कोण होती आणि त्यांचे पुढे काय झाले, याविषयी ते मौन पाळते. पदक हे अर्धे लिहिलेले पत्र आहे असे म्हणावयास हरकत नाही. उरलेला अर्धा मजकूर शोधून त्याच्या शेजारी ठेवला, तरच पदकांचा संग्रह हे इतिहासाचे साधन होते. एरवी तो शोभेच्या वस्तूंचा साठा राहतो. आणि हा उरलेला अर्धा मजकूर सांगण्याची जबाबदारी मराठी भाषकांवर, विशेषतः ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी भाषकांवर, इतरांहून अधिक आहे. ती कां, हे दाखविण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

मराठ्यांच्या राज्यात पराक्रमाचा गौरव होत नसे असे नव्हे. वस्त्रे, सोन्याचे कडे, शिरपेच, तलवार, घोडा, पालखीचा मान, चौघडा, इनाम जमीन असे त्या गौरवाचे नाना प्रकार होते. १६६० साली बाजी प्रभू देशपांडे पडल्यानंतर बांदलांच्या पथकाने गाजविलेल्या शौर्याबद्दल दरबारातील तलवारीच्या पहिल्या पानाचा मान त्यांस मिळावा, म्हणून कान्होजी जेधे यांनी तो आपला मान सोडला, ही हकीकत अभ्यासकांस परिचित आहे. हा सन्मान डबीत ठेवता येत नाही की लिलावात विकता येत नाही. तो दरबारातील जागेत, घराण्याच्या कागदांत आणि लोकांच्या स्मरणात राहतो. त्याचे हे वैशिष्ट्य, तशीच त्याची मर्यादाही हीच. तो बहुधा सरदारास व घराण्यास मिळे. पथकातील साध्या पाईकाचे नाव त्यात क्वचितच उरे. प्रत्येक शिपायाच्या हाती सारख्याच छापाची धातूची खूण देण्याची पद्धत हिंदुस्थानात रूढ केली ती ईस्ट इंडिया कंपनीने, आणि हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

ह्या पद्धतीचा आरंभ मराठ्यांशी झालेल्या युद्धातूनच व्हावा, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कर्नल गॉडर्ड याच्या हाताखाली बंगालची पलटणे काल्पीजवळून निघून मध्य हिंदुस्थान ओलांडून १७७९ च्या फेब्रुवारीत सुरतेस पोचली. पुढल्या वर्षी त्याच फौजेने अहमदाबाद व वसई घेतली. १७८० च्या ऑगस्टमध्ये मेजर पॉपहॅम याने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. समुद्रमार्ग सोडून, घरदारापासून शेकडो कोस दूर जाऊन लढलेल्या ह्या शिपायांस कंपनीने 'दख्खन पदक' दिले. त्याच्या एका बाजूस शस्त्रांच्या राशीवर बसलेली ब्रिटानिया किल्ल्याच्या दिशेने हार पुढे करीत आहे. दुसऱ्या बाजूस फार्सी लेख असून त्यात बंगालपासून दख्खनपर्यंत इंग्रजांचे नाव नेणाऱ्या वीरांची कीर्ती नाण्याप्रमाणे जगात चालत राहो, अशा अर्थाचा मजकूर आहे. त्यावर हिजरी सन ११९९, म्हणजे इ. स. १७८४-८५, कोरलेला आहे. वॉटर्लूच्या लढाईतील सर्व दर्जाच्या सैनिकांस ब्रिटिश राजसत्तेने पदक दिले ते १८१६ साली. म्हणजे आपल्या देशच्या साध्या सैनिकांस राजाकडून जे मिळावयास आणखी तीस वर्षे लागली, ते कंपनीने परदेशच्या शिपायांस आधीच दिले. हे औदार्य निर्हेतुक नव्हते. पगार घेऊन लढणाऱ्या परकी शिपायाची निष्ठा बांधून ठेवावयाची, तर त्याच्या गावात त्याची प्रतिष्ठा वाढविणारी काही खूण त्याला देणे इष्ट, हा हिशेब त्यामागे दिसतो. लेख फार्सीत ठेवण्याचे कारणही तेच. दरबारी प्रतिष्ठेची भाषा तेव्हा फार्सी होती.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १८५१ साली कंपनीने 'हिंदुस्थानच्या सैन्यास' म्हणून एक रुपेरी पदक जाहीर केले. त्याच्या पुढील बाजूस व्हिक्टोरिया राणीचे मुख असून मागील बाजूस विजयदेवता बसलेली आहे व खाली १७९९–१८२६ असे सन आहेत. फितीवर, ज्या ज्या लढाईत तो सैनिक होता तिचे नाव असलेली धातूची पट्टी लावावयाची, अशी योजना होती. अशा पट्ट्या एकंदर २१ प्रकारच्या होत्या. त्यांतील नेपाळ, ब्रह्मदेशातील आवा आणि १८२६ चे भरतपूर ह्या तीन वगळल्या, तर बाकीच्या १८ पट्ट्या दुसऱ्या व तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धांतील आहेत. अलीगढ, दिल्ली, असई, असीरगड, लासवाडी, अडगाव, गाविलगड, डीग, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव: इंग्रजी कानांस ऐकू आली तशी कोरलेली ही नावे ओळीने वाचीत गेले, म्हणजे शिंदे, होळकर, भोसले आणि पेशवे यांची सत्ता १८०३ ते १८१८ या पंधरा वर्षांत कसकशी ढासळली, याचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. मराठी राज्याच्या अस्ताचा इतका संक्षिप्त आलेख दुसऱ्या कोणत्याही एका वस्तूवर क्वचितच सापडेल. आणि तो त्या राज्याच्या शत्रूने, आपल्या गौरवासाठी, रुप्यात घडविला आहे.

ह्या पदकाची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. पदक जाहीर झाले ४८ वर्षांनी. ते हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते, आणि त्यासाठी मागणी करावी लागे. परिणामी दिली गेलेली पदके सारी मिळून सुमारे साडेचार हजारच भरतात. त्या लढायांत कंपनीच्या बाजूस बहुसंख्य सैनिक हिंदी होते. परंतु पदके घेण्यास जिवंत राहिलेले, बातमी कानी आलेले आणि अर्ज पोचवू शकलेले हिंदी शिपाई फार थोडे. तेव्हा जेत्यांच्या पक्षातसुद्धा स्मरण सर्वांच्या वाट्यास सारखे आले नाही. ज्या संग्राहकास हे ठाऊक नाही त्याला ह्या पदकाचे दुर्मीळपण बाजारभावावरून कळेल. ज्यास ठाऊक आहे त्याला ते इतिहासावरून कळेल.

परंतु पदक आणि पराभव यांचे नाते ज्यात अक्षरशः धातूचे झाले, असे उदाहरण ग्वाल्हेरचे आहे. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी ताराबाई या वेळी अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा जयाजीराव या नावाने गादीवर बसला. तोही आठ-नऊ वर्षांचा. कारभार कोणी पाहावयाचा, यावरून इंग्रजांचा पाठिंबा असलेले मामासाहेब आणि दरबारात वजन मिळविलेले दादा खासगीवाले असे दोन पक्ष पडले. ग्वाल्हेरपाशी सुमारे तीस हजारांची फौज आणि उत्तम तोफखाना होता. उत्तरेस पंजाबात शिखांचे सैन्य प्रबळ असताना पाठीशी दुसरे प्रबळ सैन्य असू नये, अशी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो याची धारणा होती. वारसाचा तंटा हे निमित्त झाले. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. महाराजपूर येथे सर ह्यू गफ याच्याशी आणि पनिहार येथे जनरल ग्रे याच्याशी ग्वाल्हेरची फौज लढली.

महाराजपूरची लढाई सोपी झाली नाही. ग्वाल्हेरची फौज चोंदा येथे असेल अशा समजुतीने गफ पुढे गेला. परंतु तिने रातोरात महाराजपूर गाव धरून तेथे तोफा मांडल्या होत्या, आणि त्या तोफांचे गोळे पडू लागल्यावरच इंग्रजांस ते कळले. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. पुष्कळ जण तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. इंग्रजांचे महाराजपूर येथे १०६ ठार झाले व जखमी आणि बेपत्ता धरून त्यांची एकंदर हानी ७९७ झाली. महाराजपुरास ५६ आणि पनिहारास २४ तोफा त्यांच्या हाती पडल्या. ह्या तोफा ज्या परंपरेतील होत्या ती महादजी शिंद्यांच्या काळी सुरू झाली होती. १७८४ नंतर डी बॉयनने शिंद्यांची कवायती पलटणे उभारली आणि सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिराने आग्र्यास त्यांच्यासाठी तोफा ओतल्या. त्या विद्येचा अखेरचा मोठा आविष्कार म्हणजे महाराजपूरचा तोफखाना.

एलनबरोस पदकांची मोठी हौस होती. त्याने ह्या जिंकलेल्या तोफांच्या कांशातून सहा टोकांचे तारे करविले. कलकत्त्याच्या टांकसाळीत घडलेल्या ह्या ताऱ्याच्या मध्यभागी रुप्याचा लहान तारा बसविलेला आहे. त्यावर लढाईचे नाव, १८४३ हा सन आणि २९ डिसेंबर ही तारीख कोरली आहे. मागील बाजू सपाट असून तेथे मिळविणाऱ्याचे नाव व पलटण लिहिलेली असते. मूळ ताऱ्यास फीत नव्हती. अंगरख्यास अडकविण्यापुरता मागे एक आकडा होता. पुढे अनेकांनी स्वखर्चाने कडी बसवून तो इतर पदकांप्रमाणे फितीवर लावून घेतला. ह्याच लढाईत गफ याची पत्नी व कन्या, हॅरी स्मिथ याची स्पॅनिश पत्नी हुआना आणि आणखी एक स्त्री हत्तींवर बसून सैन्यामागे असता तोफांच्या माऱ्यात सापडल्या. त्यांच्यासाठी एलनबरोने खास तारे घडवून घेतले. दक्षिण आफ्रिकेतील लेडीस्मिथ हे गाव पुढे हुआनाच्याच नावाने वसले. इंग्रजी ग्रंथांत ही हकीकत मोठ्या आवडीने येते. त्याच वेळी लढणाऱ्या फौजेची धनीण असलेली ताराबाई ही बालविधवा मात्र एखाद्या ओळीची धनीण होते.

उरलेल्या धातूचेही चीज करण्यात आले. हुगळीच्या काठी कलकत्त्यास १८४७ साली ग्वाल्हेर स्मारक उभे राहिले. त्याच्या घुमटासाठीही ह्याच तोफांची धातू वापरली. युद्धात जिंकलेल्या तोफा वितळवून पदके करण्याची कल्पना पुढेही चालली. १८५६ साली स्थापन झालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा सेबास्तोपोल येथे जिंकलेल्या रशियन तोफांच्या कांशाचा, अशी परंपरा आहे. मात्र जतन केलेल्या कांशाच्या तोफा चिनी बनावटीच्या असल्याचे पुढे आढळून आले. १८८० च्या काबूल ते कंदाहार कूचाबद्दल दिलेला तारा कंदाहारास घेतलेल्या तोफांचा आहे. या मालिकेत ग्वाल्हेरचा तारा सर्वांत आधीचा.

ह्या ताऱ्यामागील नावे वाचताना आणखी एक विसंगती ध्यानात येते. ब्रिटिश पलटणींखेरीज ह्या लढाईत कंपनीच्या बंगाल सैन्याची पलटणे होती, आणि त्यांत अवध व त्याच्या आसपासचे पुरभय्ये शिपाई भरलेले असत. शिंद्यांच्या कवायती पलटणींतही डी बॉयनच्या काळापासून त्याच मुलखातील माणसे मोठ्या संख्येने होती. म्हणजे ज्यांच्या तोफा वितळविल्या ते आणि ज्यांच्या छातीवर त्या लागल्या ते, यांतील अनेक जण एकाच मुलखाचे होते. 'मराठे विरुद्ध इंग्रज' अशी सोपी विभागणी करून हा तारा वाचू गेल्यास तो वाचताच येत नाही. कंपनीकडील शिपायाचे नाव मात्र ताऱ्याच्या पाठीवर राहिले. तोफेपाशी पडलेल्या गोलंदाजाचे नाव तोफेबरोबरच वितळले.

आणि गोष्ट येथेच संपत नाही. १३ जानेवारी १८४४ च्या तहाने ग्वाल्हेरचे सैन्य नऊ हजारांवर आणि तोफा ३२ वर आणल्या गेल्या; त्याऐवजी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील कंटिंजंट फौज वाढविण्यात आली. तेरा वर्षांनी, १८५७ च्या जूनमध्ये, हीच कंटिंजंट इंग्रजांवर उलटली आणि तात्या टोपे यांचा मोठा आधार बनली. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई यांच्या हाती आले. १७ जूनच्या लढाईत (काहींच्या मते १८ जून) राणी पडली. त्याच १७ जूनला ग्वाल्हेर येथे केलेल्या हल्ल्याबद्दल ब्रिटिशांच्या आठव्या हुसार रिसाल्यातील चौघांस व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले, आणि त्या मोहिमेतील इतर सैनिकांस 'सेंट्रल इंडिया' अशी पट्टी असलेले पदक मिळाले. एका दिवसाची दोन स्मारके झाली. एक ग्वाल्हेरच्या फुलबागेतील समाधी. दुसरे चार क्रॉस. समाधीपुढे नम्र होणाऱ्यास क्रॉसांची माहिती नसते, आणि क्रॉसांचा अभ्यास करणाऱ्याच्या वहीत समाधीची नोंद नसते. दोहोंची नोंद एका पानावर करणे हेच आमच्या मते संग्राहकाचे खरे काम होय.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, ही सारी दास्याची चिन्हे आहेत; ती जपून ठेवण्यात पुरुषार्थ कोणता? हा आक्षेप एकाएकी झटकून टाकण्यासारखा नाही. तथापि पदकाचा अर्थ ते देणाऱ्याच्या मनातील हेतूने कायमचा ठरत नाही. कोरेगावची पट्टी हे याचे उत्तम उदाहरण आहे. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईतील मुंबई पलटणीच्या महार शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरली गेली. कंपनीने स्तंभ उभारला तो आपल्या जयाचा म्हणून. परंतु ज्या समाजास गावात माणूस म्हणून वागविले जात नव्हते, त्यास त्या दगडावर आपल्या पूर्वजांची नावे सापडली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेल्यापासून त्या स्तंभाचा अर्थ नव्याने लिहिला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांची भरती बंद केली, त्यांच्या नावाची रेजिमेंट १९४१ साली बेळगावास उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. एकच लढाई पुण्याच्या वाड्यात एक अर्थ धारण करते आणि महारवाड्यात दुसरा. यांपैकी एक खरा व दुसरा खोटा असे ठरविण्याची घाई इतिहासकाराने करू नये. दोन्ही अर्थ ज्या अनुभवांतून आले ते अनुभव नोंदवावे.

विसाव्या शतकातील महायुद्धांनी तर हजारो मराठी घरांत पदके आणली. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीकाठच्या कूट येथे त्या डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौज तुर्कांच्या स्वाधीन झाली, आणि पुढील कैदेत असंख्य सैनिक मृत्यू पावले. आता, ह्या सैनिकांस जे ब्रिटिश युद्धपदक मिळाले त्यावर कूटचे नाव कोठेही नाही. त्या पदकावर लढायांच्या पट्ट्या देण्याचा विचार होता. खर्चामुळे तो सोडून द्यावा लागला. फ्रान्समधल्या शिपायाचे, मेसोपोटेमियातल्या शिपायाचे आणि आफ्रिकेतल्या शिपायाचे पदक एकसारखे. भेद एवढाच की, पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. ही एक ओळ वाचली तर शोधास आरंभ होतो. पलटण कळते, पलटणीवरून मोहीम कळते. तो माणूस स्वतः कूटच्या वेढ्यात होता की नंतरच्या तुकडीतून गेला, हे मात्र कडेवरूनही कळत नाही. त्यासाठी घरचे पत्र, पेन्शनचा कागद, गावच्या शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवरील पाटी, म्हाताऱ्यांनी सांगितलेली गोष्ट हवी. महाराष्ट्रातील अनेक गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके मृत्यू पावले' अशी संगमरवरी पाटी अद्याप दिसते. त्या पाटीवर आकडे असतात, नावे नसतात. नावे पदकांच्या कडेवर आहेत. दोहोंची गाठ घालून देणारा कोणी तरी पाहिजे.

आणि हीच कड फार झपाट्याने नाहीशी होत आहे. ब्रिटिश युद्धपदक रुप्याचे. सुमारे ६५ लाख काढले गेले. मजूर पथकांसाठी तेच पदक कांशाचे होते, आणि ती सुमारे एक लाख दहा हजारच होती. लढणाऱ्यास रुपे व ओझे वाहणाऱ्यास कांसे, हा भेदही त्या काळाच्या मनोवृत्तीचा पुरावा आहे. रुप्याचे पदक अडचणीच्या वर्षी सोनाराकडे मोडीत जाणे स्वाभाविक होते. १९८० च्या आरंभी जगात रुप्याचा भाव अकस्मात चढला तेव्हा इंग्लंडातसुद्धा अशी असंख्य पदके भट्टीत गेली. जी वाचली त्यांवर दुसरे संकट येते ते प्रेमाचे. दर दिवाळीस चिंच लावून किंवा राखेने घासून चकचकीत केलेल्या पदकाची कड गुळगुळीत होते आणि नाव निघून जाते. तिसरे संकट बाजाराचे. एका सैनिकाची तीन पदके तीन गिऱ्हाइकांस विकली की त्यांचा परस्परांशी असलेला संबंध तुटतो, आणि मग कोणत्याही लिलावात तो पुन्हा विकत मिळत नाही.

दुसऱ्या महायुद्धातही मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन सैनिकांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात आपल्या तुकडीतील बहुतेक सारे पडल्यावर एकटे मशीनगनवर चालून गेले व धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीपाशी दोन जखमी सोबत्यांस खोल पाण्यातून वाहून आणले आणि नंतर मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. ही नावे सर्वांस ठाऊक आहेत, व ती राहतील. ज्यांना क्रॉस मिळाला नाही, परंतु जे त्याच पलटणीत त्याच नदीकाठी होते, त्यांच्या नावांची काळजी आमच्या मनात आहे.

स्वातंत्र्यानंतर पदकांची भाषा पालटली. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली. त्याची आकृती सावित्री खानोलकर यांनी रचली. त्या जन्माने युरोपीय. विक्रम खानोलकर ह्या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या ह्या देशच्या झाल्या होत्या. कांशाच्या ह्या चक्रावर राजमुद्रेभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा आहेत. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी वज्रासाठी दिल्या ही कथा त्यामागे आहे. मागील बाजूस देवनागरी आणि इंग्रजी अक्षरांत चक्राचे नाव आहे. १७८४ चा फार्सी लेख, १८५१ चा इंग्रजी लेख आणि १९५० ची देवनागरी अक्षरे एका ओळीत ठेवून पाहिली, म्हणजे सैनिक कोणासाठी लढत होता याचे उत्तर त्या लिप्याच देतात.

तेव्हा करावयाचे काय? प्रचंड खर्चाची योजना आम्ही सुचवीत नाही. १९७२ च्या केंद्रीय पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही, आणि पहिल्या महायुद्धातील पदके आता त्या वयास पोचली आहेत. परंतु कायदा वस्तू अडवू शकतो. तिची हकीकत जतन करू शकत नाही. ते काम शिक्षकांचे आहे. प्रत्येक शाळेच्या परिसरात ज्यांच्या घरी जुने पदक आहे त्यांची एक वही विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. पदकाची कड भिंगाखाली वाचून अक्षर न अक्षर उतरून घ्यावी. सोबतचे कागद, छायाचित्रे, फिती यांची नोंद करावी. घरातील वडीलधाऱ्यांस सैनिकाविषयी काय आठवते ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावे. पदक घासू नये व एका सैनिकाची पदके वेगळी करू नयेत, एवढे घरच्यांस समजावून सांगावे. वस्तू त्यांच्याच पेटीत राहू द्यावी. आपणांस नोंद पुरे आहे. ग्वाल्हेर, महिदपूर, नागपूर, असई, बेळगाव येथल्या मंडळींनी ह्यात एक कलम आणखी घालावे. आपल्या गावच्या लढाईचे पदक एखाद्या परदेशी संग्रहात असेल, तर त्यावरील नावाच्या समोर आपल्या बाजूची जी जी नावे बखरींत, पोथ्यांत, समाध्यांवर आणि कुळांच्या वंशावळींत सापडतील ती मांडावी.

महाराजपूरच्या तोफा आता परत ओतता यावयाच्या नाहीत. त्या ताऱ्यांच्या रूपाने जगभरच्या संग्रहांत विखुरल्या आहेत, आणि प्रत्येक ताऱ्याच्या पाठीवर एक नाव आहे. त्या तोफांपाशी उभे राहिलेल्यांपैकी दहा नावे जरी कोणी शिंद्यांच्या फौजेच्या जुन्या कागदांतून काढून दाखविली, तरी त्या ताऱ्याचा उरलेला अर्धा मजकूर लिहावयास आरंभ झाला असे होईल. हे काम ज्यांना मोडी वाचता येते त्यांनाच करता येणार आहे. आणि मोडी वाचणारे हात आता मोजकेच उरले आहेत.